पुढची बसली, मागची अडली: पोर्शे केमनवर नाइन-इलेव्हनची चाके

नेरुळच्या एका गृहस्थांकडे २००८ सालची पोर्शे केमन एस आहे. ही ९८७ मालिकेतली, ३.४ लिटर, सहा सिलिंडर, मधल्या इंजिनाची गाडी. तिच्यावर कंपनीने दिलेली १८ इंची चाके होती आणि मालकांना १९ इंची चाके हवी होती. ठाण्यातल्या एका ९९७ कॅरेरा एसच्या (पोर्शेच्याच नाइन-इलेव्हन या गाडीच्या एका प्रकाराच्या) मालकाने आपल्या गाडीची पाच आऱ्यांची १९ इंची चाके विकायला काढल्याचे त्यांना समजले. टायर निम्म्याहून कमी झिजलेले होते, रंग मूळचा होता, किंमत वाजवी होती आणि विक्रेत्याने चाके कोणत्या गाडीची आहेत हे स्वच्छ सांगितले होते. सौदा झाला. चाके तुर्भे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आली आणि ती चढवण्याआधी एकदा तपासून द्यावीत, असे मला सांगण्यात आले.

या प्रकरणात कोणी कोणाला फसवलेले नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहावेसे वाटले. विकणारा खरे बोलला. विकत घेणाऱ्याने जे विचारायची पद्धत आहे ते विचारले. टायरच्या दुकानात त्यांना उत्तर मिळाले, "साहेब, पीसीडी एकच आहे, डोळे झाकून बसतील." पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, खरोखरच एक आहे. दोन्ही गाड्यांना १३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट आहेत, चाक ज्या हबवर बसते त्यासाठीचे चाकातले मधले भोक ७१.६ मिमी आहे आणि बोल्ट १४ मिमी जाडीचे, दीड मिमी पेचाचे आहेत. चाक हबवर अलगद सरकते, बोल्ट हाताने फिरतात, आणि इथवर सगळे जुळले की बहुतेकांची चौकशी थांबते. पीसीडी जुळणे म्हणजे चाक हबला टेकणे एवढेच. त्या चाकाला आत-बाहेर किती जागा लागेल, याबद्दल पीसीडी काहीही सांगत नाही.

पुढच्या चाकांनी गैरसमजात भरच घातली. कॅरेरा एसचे पुढचे चाक ८ जे (म्हणजे ८ इंच) रुंदीचे आणि ईटी ५७ ऑफसेटचे असते; ईटीचा अर्थ पुढे येतो. केमनला कंपनी जे १९ इंची पुढचे चाक देत असे, तेही ८ जे आणि ईटी ५७ असेच होते. टायरही दोन्हीकडे २३५/३५, म्हणजे रुंदी २३५ मिमी आणि गालाची उंची तिच्या ३५ टक्के. म्हणजे पुढे नाइन-इलेव्हनचे चाक केमनवर कंपनीच्याच मापाने बसते. वर्कशॉपमधल्या मुलांनी मी पोहोचण्याआधी पुढचे एक चाक लावून पाहिले होते. ते चपखल बसले होते, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरत होते, आणि मालक समाधानाने उभे होते. मागचे चाक लावायला घेतल्यावर ते हबला टेकण्याआधीच टायर आतल्या बाजूला अडला.

कारण चाकाच्याच अंगावर लिहिलेले होते. पोर्शेच्या मूळ चाकावर आतल्या बाजूला माप कोरलेले असते. जुन्या ब्रेकच्या धुळीचा थर ओल्या फडक्याने पुसला तेव्हा मागच्या चाकावर "११ जे × १९" आणि "ईटी ६७" अशी अक्षरे स्पष्ट दिसली. केमनला कंपनीने दिलेले १९ इंची मागचे चाक ९.५ जे आणि ईटी ४६ असते. हीच पाच आऱ्यांची नक्षी कंपनीने केमन आणि तिची उघड्या टपाची बहीण बॉक्स्टर यांनाही पर्याय म्हणून दिली होती. त्यामुळे छायाचित्रात समोरून पाहिले तर दोन्ही चाके सारखीच वाटतात. फरक दिसतो तो मागून, रिमच्या नळकांड्याच्या खोलपणात.

इथे हिशेब नीट मांडायला हवा, कारण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. ईटी, म्हणजे ऑफसेट, हे चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी पाठ यांच्यामधले मिलिमीटरमधले अंतर असते. या चाकांत पाठ मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे ईटी जितका जास्त तितके चाक गाडीच्या आत जाते. रिमच्या निम्म्या रुंदीत ईटी मिळवला की हबपासून रिमची आतली कड किती आत आहे ते कळते, आणि वजा केला की बाहेरची कड किती बाहेर आहे ते कळते. ९.५ इंच म्हणजे २४१.३ मिमी. त्याचे निम्मे १२०.६५, अधिक ४६, म्हणजे आतली कड १६६.६५ मिमीवर. ११ इंच म्हणजे २७९.४ मिमी. निम्मे १३९.७, अधिक ६७, म्हणजे आतली कड २०६.७ मिमीवर. दोन्हींत ४० मिमीचा फरक आहे. बाहेरच्या कडेचा हिशेब मात्र ७४.६५ आणि ७२.७ असा येतो, म्हणजे नाइन-इलेव्हनचे इतके रुंद चाक बाहेरून केमनच्या चाकापेक्षा दोन मिलिमीटर आतच राहते. वाढलेली सगळी रुंदी गाडीच्या पोटात शिरते. टायरच्या नाममात्र रुंदीवरून मोजले तर केमनचा २६५ आणि नाइन-इलेव्हनचा २९५ यांच्यातला आतल्या बाजूचा फरक ३६ मिमी येतो.

नाइन-इलेव्हनमध्ये ही जागा आहे आणि केमनमध्ये नाही, याचे मूळ दोन्ही गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये आहे. नाइन-इलेव्हनला १९९३ साली आलेल्या ९९३ मालिकेपासून मागे मल्टी-लिंक सस्पेन्शन आहे. त्यात चाक अनेक दांड्यांनी धरलेले असते आणि त्याच्या आतल्या बाजूला रुंद रिमसाठी मोकळीक ठेवता येते. ९८७ केमन आणि बॉक्स्टर यांना चारही कोपऱ्यांत मॅकफर्सन स्ट्रट आहेत. म्हणजे स्प्रिंग आणि शॉक-अॅब्सॉर्बरचा उभा खांब थेट चाकाच्या आतल्या गालाशेजारी उभा असतो. एका गाडीत जिथे मोकळी हवा आहे तिथे दुसरीत पोलाद आहे.

वर्कशॉपमधले अनुभवी मिस्त्री, ज्यांना तिथली सगळी मुले मामा म्हणतात, लगेच म्हणाले, "वीस एमएमचा स्पेसर टाकू, बाहेर येईल." स्पेसर म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये बसवायची चकती. ही सूचना उडवून लावण्यासारखी नव्हती. स्पेसरने बेअरिंग जातात असे सरसकट म्हटले जाते, पण इथे ते विधान लागू पडत नाही. ईटी ६७ च्या चाकामागे २० मिमीचा स्पेसर टाकला की प्रत्यक्ष ऑफसेट ४७ होतो, आणि कंपनीचा आकडा ४६ आहे. म्हणजे चाकाची मध्यरेषा जवळजवळ मूळ जागी येते आणि बेअरिंगवर पडणारी भाराची तरफ वाढत नाही. स्पेसरला नाव ठेवायचे तर ते दुसऱ्या कारणासाठी ठेवावे लागेल. मध्यरेषा जागेवर आली तरी जादा रुंदी उरतेच. वाढलेले ३० मिमी टायर मग दोन्हीकडे वाटले जाते, साधारण १६ आत आणि १४ बाहेर. या जागा गाडीत आहेत का, हे कागदावर ठरत नाही. म्हणून प्रत्यक्ष चाचणी घ्यायचे ठरले.

आतली फट मोजण्यासाठी शाडूची माती वापरली. मूर्तिकामाची ही माती ओली असताना दाबली की दबते आणि दबलेली राहते. स्ट्रटच्या ज्या भागाशी टायर सर्वांत जवळ येतो तिथे तिची गोळी चिकटवली, २० मिमीचा मापाचा स्पेसर लावून चाक चढवले, पाचही बोल्ट आवळले आणि चाक हाताने सावकाश पूर्ण फिरवले. चाक काढल्यावर मातीवर टायरच्या गालावरच्या अक्षरांचा पुसट ठसा उमटला होता. ब्लेडने गोळी कापून व्हर्नियरने जाडी मोजली. सर्वांत पातळ जागी ती साडेतीन मिलिमीटर भरली.

मामांचे म्हणणे असे की घासत नाही ना, मग बसले. त्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. मॅकफर्सन रचनेत स्ट्रटचा खालचा भाग चाकाच्या नकलशी (हब धरून ठेवणाऱ्या भागाशी) जोडलेला असतो आणि चाकाबरोबरच वरखाली होतो. त्यामुळे खड्ड्यात स्प्रिंग दबली म्हणून ही फट लगेच संपत नाही. तरीही साडेतीन मिलिमीटर मला मान्य नव्हते. पहिले कारण टायरचे. सगळ्या कंपन्यांचा २९५ एकाच रुंदीचा नसतो. नाममात्र मापापेक्षा काही मिलिमीटर कमीजास्त भरणे मानकात बसते, आणि गालावरची रिम वाचवणारी कड प्रत्येकाची वेगळी असते. ही फट त्या एका टायरची होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा टायर घेतला की ती नाहीशी होऊ शकते, आणि त्या वेळी टायर बदलणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असणार नाही. दुसरे कारण रस्त्याचे. वळणावर टायरचा गाल झुकतो, रिम आणि बुश किंचित लवतात, पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरची खडी पन्हळीत अडकते. टायर स्ट्रटला घासला तर तो आतल्या गालावर घासतो, जिथे उभ्या गाडीत कोणाची नजर जात नाही. टायरचा गाल हा त्याचा सर्वांत पातळ भाग असतो, आणि तो घासून फुटण्याची शक्यता पाम बीच रस्त्यावरच्या वेगात मला विचारातही घ्यायची नव्हती.

मग २५ मिमीचा स्पेसर का नको, असे मालकांनी विचारले. त्याने आतली फट साडेआठवर गेली असती. पण टायर बाहेर १९ मिमी येतो. एका मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा देऊन गाडी सावकाश खाली सोडली आणि स्प्रिंग पुरती दबू दिली, तेव्हा टायरचा खांदा मडगार्डच्या आतल्या दुमडीला टेकला. ती दुमड आत वळवून घेता येते, तसे करणारे कारागीर वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळ्यात आहेत, परंतु त्यात मूळ रंग तडकण्याचा धोका असतो आणि नंतर तिथून गंज धरतो. खाडीकाठच्या हवेत राहणाऱ्या गाडीसाठी हा सौदा वाईट आहे. मालकांनी त्याला स्वतःहून नकार दिला.

टायरच्या दुकानातून आणखी एक तोडगा आला होता. ११ जे रिमवरच केमनचा २६५/३५ टायर ताणून चढवायचा, म्हणजे टायरची रुंदी कमी होईल. हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. २६५/३५ मापासाठी मान्य रिमरुंदी ९ ते १०.५ इंच आहे, ११ इंच त्याच्या बाहेर पडते. ताणलेल्या टायरची कड रिमवर तिरकी बसते आणि खड्ड्यात आदळल्यावर हवा सोडण्याची शक्यता वाढते. शिवाय अशा टायरच्या गालाबाहेर रिमची कड उघडी पडते. १९ इंची चाकावर गालाची उंची मुळातच नव्वदएक मिलिमीटर असते. आपल्या रस्त्यांवर तेवढेच रबर रिमला वाचवते.

आता जागेचा प्रश्न बाजूला ठेवू आणि समजू की चाक कसेही करून बसले. तरीही दोन गोष्टी उरतात, आणि एरवी त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

पहिली व्यासाची. २६५/३५ आर १९ टायरचा बाहेरचा व्यास ६६८.१ मिमी येतो आणि २९५/३० आर १९ चा ६५९.६. फरक साडेआठ मिमी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. पुढचा टायर दोन्हीकडे ६४७.१ चाच आहे. मूळ केमनमध्ये मागचे चाक पुढच्यापेक्षा ३.२ टक्के मोठे असते. नाइन-इलेव्हनची चाके लावली की ते १.९ टक्केच मोठे राहते. गाडीची पीएसएम ही स्थिरता प्रणाली चारही चाकांच्या वेगांची सतत तुलना करत असते आणि त्या तुलनेचा आधार हे मूळ गुणोत्तर असते. थोडी तफावत ती पोटात घालते, घालावीच लागते, कारण टायर झिजला की त्याचा व्यास कमी होतो. नव्या टायरची पन्हळ साधारण ८ मिमी धरली आणि ती १.६ मिमीपर्यंत झिजू दिली, तर व्यास १२.८ मिमीने घटतो. म्हणजे झिजेसाठी ठेवलेल्या सवलतीपैकी दोन-तृतीयांश या चाकांनी पहिल्याच दिवशी खर्च केली असती, आणि मागचे टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतात ही या गाड्यांची सवय लक्षात घेतली तर उरलेली सवलतही फार काळ पुरली नसती.

दुसरी गोष्ट समतोलाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नाइन-इलेव्हनचे इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे लटकते. तिच्या वजनाचा ६० टक्क्यांहून अधिक भाग मागच्या चाकांवर येतो. २९५ चा रुंद टायर तिथे हौसेसाठी नाही, तो भार सांभाळण्यासाठी आहे. केमनचे इंजिन मागच्या धुऱ्याच्या पुढे, दोन धुऱ्यांच्या मध्ये आहे आणि भार साधारण ४५-५५ असा वाटला गेला आहे. पुढे २३५ आणि मागे २६५ हे प्रमाण त्या वाटणीतून आले आहे. मागची पकड वाढवली आणि पुढची तशीच ठेवली, तर वळणावर पुढचे टोक आधी हार मानू लागते आणि गाडी बाहेरच्या दिशेला सरळ जाऊ पाहते. पावसात दुसरी अडचण येते. तेवढाच भार अधिक रुंद टायरवर पसरला की पाण्याचा थर कापण्याची त्याची क्षमता घटते आणि तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. केमन ज्या गुणासाठी विकत घेतली जाते, म्हणजे हातात येणारा नेमका तोल, तोच देऊन बाजूने रुंद दिसणारी गाडी घ्यायची, असा हा व्यवहार होता. मी हे मालकांना याच शब्दांत सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी ही गाडी चालवण्यासाठी घेतली. दाखवायला नाही."

बोल्टचा मुद्दा शेवटी निर्णयाच्या बाहेर गेला, पण चाचणीदरम्यान जे दिसले ते नोंदवून ठेवतो, कारण स्पेसर लावणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी आहे. २० मिमीचा स्पेसर लावायचा तर बोल्टही २० मिमी लांब हवेत. बाजारातून आणलेले लांब बोल्ट पेचाला बरोबर होते, परंतु त्यांचे बसणे शंकूच्या आकाराचे, ६० अंशांचे होते. पोर्शेच्या चाकातली बैठक गोलाकार, १४ मिमी त्रिज्येच्या गोळ्याची असते. गोल बैठकीला निळा मार्किंग रंग लावून शंकूचा बोल्ट आवळला आणि काढला, तेव्हा स्पर्श केसाएवढ्या एका वर्तुळावरच झाल्याचे दिसले. मूळ बोल्टने हाच प्रयोग केल्यावर रंग रुंद पट्ट्यात पुसला गेला. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंच दोन्हींवर तेवढाच आकडा दाखवतो, पण शंकूचा बोल्ट त्या बारीक वर्तुळावर धातू दाबत राहतो आणि काही दिवसांत सैल होतो. बोल्ट घेताना लांबी आणि पेच यांच्याइतकीच बैठकीची त्रिज्या विचारून घ्यावी.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापाचे चाक लावणे आणि कंपनीने त्या मॉडेलला कधीच न दिलेले ११ जे चाक स्पेसरवर लावणे, यांत अपघातानंतर विम्याच्या सर्वेक्षकासमोर मोठा फरक पडतो. पहिला बदल कागदोपत्री सिद्ध करता येतो.

निर्णय असा झाला. पुढची दोन्ही चाके ठेवायची, कारण मापाने ती केमनचीच आहेत. मागची दोन विकायची आणि त्याच नक्षीची ९.५ जे, ईटी ४६ ची जोडी शोधायची. शोधताना मालकांनी प्रत्येक विक्रेत्याकडे समोरचे छायाचित्र न मागता चाकाच्या आतल्या कोरीव अक्षरांचे छायाचित्र मागितले. सुट्या भागाच्या क्रमांकाची सुरुवात ९८७ ने होते की ९९७ ने, यावरही थोडा अंदाज येतो, परंतु सामाईक भागांवर एकाच मालिकेचा क्रमांक असू शकतो, त्यामुळे शेवटचा शब्द जे आणि ईटी यांचाच. जोडी पुण्याच्या एका बॉक्स्टर मालकाकडे मिळाली.

ती आल्यावर डायल गेजवर, म्हणजे रिमचा वाकडेपणा मोजणाऱ्या मापकावर, फिरवून पाहिली. एका रिमची आतली कड जुन्या खड्ड्याने किंचित आत गेलेली होती. बाहेरून त्याचा मागमूस नव्हता. वेल्डिंगचा डाग नव्हता, तडा नव्हता, त्यामुळे ते चाक सरळ करून घेणे शक्य झाले. तडा गेलेले आणि वेल्डिंग करून रंगवलेले चाक कितीही स्वस्त असते तरी मी परत पाठवले असते. चाकांवर २६५/३५ चे नवे टायर चढवले, गालावर पोर्शेच्या मान्यतेची "एन" खूण असलेले, पुढच्या टायरांच्याच जातीचे. मूळ बोल्ट, स्पेसर नाही, १३० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर तोच टॉर्क पुन्हा तपासून पाहिला. शाडूची चाचणी या चाकांवरही घेतली. चाक फिरवल्यावर गोळी आहे तशी होती, टायर तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

११ जेची जोडी ठाण्यात, मानपाड्याच्या एका कॅरेरा एस मालकाने घेतली. त्याच्या गाडीचे मागचे एक चाक घोडबंदर रस्त्यावर गायमुखजवळ तडकले होते. पैसे देण्याआधी त्याने आतली अक्षरे पुसून वाचली, आणि दोन्ही चाके आमच्या डायल गेजवर स्वतः उभे राहून फिरवून घेतली.